सिसिलियाचा राहिलेला डोस

मंगळवारी क्लिनिकमध्ये जे झालं ते आठवलं तरी अजून छातीत धडधडतं. लिहून टाकलं तर जरा शांत वाटेल म्हणून लिहितेय...

भाईंदर पश्चिमेला माझं छोटंसं डेंटल क्लिनिक आहे. असिस्टंट सिसिलिया, जवळच्याच उत्तन गावची, तीन वर्षं माझ्या बाजूला उभी आहे. मी ओरडते, ती ऐकून घेते, असं आमचं चाललंय. मी ओरडते हे सगळ्यांनाच माहितीये, उगाच कशाला लपवा...

तर त्या दिवशी उत्तनजवळच्या डोंगरीच्या एका अंकलची अक्कलदाढ काढली. दाढ महाहट्टी, पाऊण तास खाल्ला तिने. अंकलना कापूस चावायला दिला, अर्धा तास तोंड उघडायचं नाही म्हणून बजावलं आणि पाठवून दिलं. वळून बघते तर सिसिलिया बेसिनपाशी बोट धुतेय. धुतेय, धुतेय... धुतेच आहे.

काय झालं विचारलं तर म्हणे, "काय न्हाय मॅडम." एरवी माझ्याशी अगदी शहरी बोलते ही. घाबरली की 'न्हाय' बाहेर येतं.

हात ओढून बघितला. अंकलना भुलीचं इंजेक्शन देऊन झाल्यावर सुईला टोपण लावताना बोटात घुसली होती. म्हणजे अगदी सुरुवातीला! ग्लोव्ह बदलून ही बाई त्याच बोटाने पुढे पाऊण तास लाळ ओढायची सक्शनची नळी धरून उभी. का, तर पेशंट खुर्चीत असताना मध्येच हात सोडायचा नाही, हा माझाच नियम. "तुम्ही ओरडल्या असत्या मॅडम..."

दुसऱ्याच्या रक्ताची सुई म्हणजे कावीळ बी, कावीळ सी, एचआयव्ही, काहीही... आणि औषध सुरू करायचं तर लवकरात लवकर. आधी अंकलचं रक्त तपासायला हवं होतं, आणि अंकल तर गेलेले!

फोन लावला. उचलला त्यांनी, पण पलीकडून नुसतं "अं... अं..." कपाळ माझं! तोंड बंद ठेवा म्हणून मीच सांगितलं होतं ना. मागून बसचं इंजिन ऐकू येत होतं, आणि डोंगरीची बस सुटते स्टेशनवरून. तशीच ॲप्रनमध्ये खाली धावले, रिक्षावाल्याला "भैया, स्टेशन, जल्दी" म्हटलं, आणि वाटेतल्या प्रत्येक हातगाडीला मनात शिव्या घातल्या.

बस सुटायच्या बेतात होती. अंकल खिडकीत, गाल हा एवढा. मी भर बसमध्ये ओरडले, "अंकल, तुमचं रक्त पाहिजे!" आख्खी बस माझ्याकडे बघायला लागली...

त्यांना खाली उतरवून, बाजूला घेऊन सगळं नीट सांगितलं. तुम्ही नाही म्हणू शकता, हेही सांगितलं. ते कापूस चावत तिथेच रस्त्यावर शर्टाची बाही वर सरकवायला लागले. देवमाणूस! लॅबमध्ये नेलं, सिसिलियालाही तिथे बोलावून घेतलं, दोघांचंही रक्त दिलं.

रिपोर्ट दुपारनंतर येणार होता. एका जागी बसवेना. सिसिलियाने लस घेतलीये की नाही ते बघायला स्टाफची फाइल काढली... कावीळ बी, पहिला डोस, तारीख. दुसऱ्याची जागा कोरी. तिसऱ्याची कोरी.

आणि मग आठवलं. दुसऱ्या डोससाठी तिने हाफ डे मागितला होता. दोनदा. "पुढच्या आठवड्यात बघू गं, पेशंट केवढे आहेत" असं मीच म्हटलं होतं, दोन्ही वेळा.

त्याच फाइलमध्ये क्लिनिकचा सरकारी वार्षिक फॉर्म होता, गेल्याच महिन्यात भरलेला. सर्व कर्मचाऱ्यांचं लसीकरण झालं आहे का? माझ्याच अक्षरात 'होय'. खाली सही, शिक्का. खोटं लिहितोय असं तेव्हा मनातही आलं नव्हतं, आणि तेच जास्त लागलं. त्याच्या खाली तिचं अपॉइंटमेंट लेटर, टाइप करून दीड वर्ष झालेलं, माझी सही राहिलेली. आता ओरडू कोणावर?

बाहेर ती दुपारच्या पेशंटचा ट्रे लावत होती. घरी जा म्हटलं तर गेली नाही. घरी बसून काय करू, इथे निदान हात चालतात, म्हणाली...

साडेचारला लॅबचा मेसेज आला. अंकलचे तिन्ही रिपोर्ट निगेटिव्ह! मी धपकन पेशंटच्याच खुर्चीत बसले. सिसिलियाने छातीवर क्रॉस केला, डोळे पुसले आणि म्हणाली, "सॉरी मॅडम, तुमचा पूर्ण दिवस खराब केला."

सुई तिला टोचली, आणि सॉरीही तीच म्हणतेय. मी नुसती मान हलवली. इतकी लाज मला शिकताना सगळ्यांसमोर चुकीची दाढ दाखवली होती तेव्हाही वाटली नव्हती.

काल सकाळी क्लिनिक बंद ठेवलं. पेशंट चिडले, चिडू देत. फॉर्म दुरुस्त करून पाठवलाय, लेटरवर सही केलीये, आणि दुसऱ्या डोसला मी स्वतः तिच्याबरोबर गेले.

दंड चोळत ती बाहेर आली तेव्हा एकदाचं म्हणून टाकलं, "सिसिलिया, चूक माझी होती." मला वाटलं, ती आता "न्हाय मॅडम, असं नका बोलू" म्हणेल. नेहमीसारखी सांभाळून घेईल मला...

तिने माझ्याकडे सरळ बघितलं आणि म्हणाली, "हां मॅडम. तुमचीच होती."

तीन वर्षांत पहिल्यांदा ती मला घाबरली नाही... देवा, थँक्यू.