लाभार्थीची साडी

“आप यह साड़ी बदल लीजिए,” मॅडम म्हणाल्या. “आप तो पेशंट लगती ही नहीं.”

छतरपूरचं एक फार्महाउस. हिरवळीवर खुर्च्या मांडलेल्या, झाडांवर दिव्यांच्या माळा, कुठून तरी कबाबांचा वास. मी नुकतीच ऑटोतून उतरले होते. अंगावर जांभळी साडी, जरीचा काठ, केसांत मोगरा. दिल्लीत मोगरा मिळवणं काय असतं ते दिल्लीत राहणाऱ्यांनाच माहीत.

मॅडमनी पिशवीतून एक सुती साडी काढली. विटलेली, राखाडी. “हमारी कुक की है. धुली हुई है.”

कुक तिथेच उभी होती. हातात पाण्याच्या ग्लासांचा ट्रे. ती माझ्याकडे बघेना. मी तिच्याकडे बघेना.

मी काय केलं? हसले. मला दुसरं काही येतच नव्हतं.

मी केंद्र सरकारच्या एका कार्यालयात स्टेनो आहे. मूळची नागपूरची, राहायला लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये. पगार स्टेनोचा असला तरी ऑफिसात माझं खरं काम विदूषकाचं. सही करण्याआधी खाकरणारे डायरेक्टर, फाईल दिसली की चष्मा शोधायला लागणारे अंडर सेक्रेटरी, सगळ्यांच्या नकला मी करते. अशी हुबेहूब, की साहेब स्वतः येऊन म्हणतात, “मैडम, आज मेरी करके दिखाइए.” आणि मी दाखवते. तोंडावर.

घरात दोनच माणसं. मी आणि माझी मुलगी.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती. डेंग्यू झाला. आठवडाभरात गेली.

भेटायला आलेल्या लोकांसमोर मी, आमचं गेट न सापडलेल्या अँब्युलन्सच्या ड्रायव्हरची नक्कल केली. “बहनजी, गेट कौन सा? अरे बहनजी, यह तो पार्क है!” लोक हसले. मग एकमेकांकडे बघून गप्प झाले. मी गप्प झाले नाही. पुढे कित्येक महिने झाले नाही. रडू घशापर्यंत यायचं आणि तिथून विनोद होऊन बाहेर पडायचं.

शेजारची सुनीता शेवटी म्हणाली, “बस कर ना, यार. मला भीती वाटते तुझी.”

सरकारी दवाखान्यात गेले. डॉक्टर भला माणूस होता. गोळ्या होत्या त्याच्याकडे, वेळ नव्हता. बाहेर रांग केवढी! मग सुनीताने दक्षिण दिल्लीतलं एक खाजगी क्लिनिक शोधून काढलं. तिथली काउन्सेलर माझ्या मुलीपेक्षा थोडीच मोठी. पहिल्याच दिवशी मी तिला माझ्या सगळ्या नकला करून दाखवल्या. ती हसली नाही. तिने विचारलं, “उसका नाम क्या था?”

नाव सांगायला मला किती तरी आठवडे लागले. सांगितलं त्या दिवशी मी जनावरासारखी ओरडले. त्या खोलीत, त्या एका तासात, मी आई होते. बाकी सगळीकडे तमाशा.

त्या तासाची फी म्हणजे आमच्या घरचा महिन्याचा किराणा. आधी बांगड्या गेल्या. मग मुलीच्या एम.ए.साठी ठेवलेली एफडी. बँकेतला माणूस म्हणाला, “मैडम, बीच में तोड़ेंगी तो नुकसान है.” मी म्हटलं, “जिसके लिए रखी थी, उसी पर ख़र्च कर रही हूँ.”

तीही संपली. क्लिनिकचा एक ट्रस्ट होता. ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी. ट्रस्टच्या मॅडमनी मला बाहेरच्या बाकावर रिसेप्शनिस्टची नक्कल करताना ऐकलं होतं. म्हणाल्या, “पैसों की चिंता छोड़िए. बस एक शाम हमारे डोनर्स को अपनी कहानी सुना दीजिए. आप सुनाती कितना अच्छा हैं!”

मी हो म्हटलं. मला तो तास हवा होता. त्यासाठी मी काहीही सांगितलं असतं.

आणि आता हातात ती राखाडी साडी.

आमच्या वस्तीत माझे वडील तांब्यात निखारे घालून कपड्यांना इस्त्री करायचे. शाळेत नाव घालायचं असो, साहेबाकडे अर्ज द्यायचा असो, सदरा आधी कडक व्हायचा. जयंतीला तर अख्खी वस्ती पांढरीशुभ्र. मी एकदा विचारलं, कशाला एवढं? म्हणाले, “फाटकं घालून गेलं की देतात ग, पण वरून टाकतात.” ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या वरून टाकलेलंच मिळालं, त्यांच्या घरात इस्त्री ही चैन नसते.

आणि ही जांभळी कुणी घेतली? तिने. शिकवण्या करून साठवलेल्या पैशांतून, करोल बागेतून, दुकानदाराशी दोन तास भांडून. दिल्लीत वाढलेली पोर. तिला निऱ्या हा शब्द यायचा नाही. म्हणायची, “आई, तुझे पंखे नीट कर.” गुडघ्यांवर बसून स्वतःच ते पंखे सारखे करायची.

मॅडम थांबल्या होत्या. “पाँच मिनट में आपकी बारी है.”

मी राखाडी साडीची घडी घातली आणि कुकच्या हातातला ट्रे क्षणभर धरून तिची साडी तिला परत दिली.

मॅडमनी माईकवर सांगितलं, “हमारी एक लाभार्थी.” टाळ्या पडल्या. मी उभी राहिले. समोर रेशीम, मोती, ग्लास. सगळे चेहरे आधीच हळवे झालेले.

मी मान किंचित तिरकी केली. हात छातीवर ठेवला, मॅडम ठेवतात तसा. आणि मॅडमच्या आवाजात सुरू केलं. “आप यह साड़ी बदल लीजिए. आप तो पेशंट लगती ही नहीं. हमारी कुक की है. धुली हुई है.”

हशा पिकला. माझी नक्कल फसत नाही. मग पहिल्या रांगेतल्यांनी मॅडमचा चेहरा पाहिला. हसू रांगेरांगेने विझत मागे गेलं.

मग मी माझ्या आवाजात बोलले. “पेशंट ऐसी ही लगती है. और मेरी बेटी की कहानी आपके खाने से पहले का प्रोग्राम नहीं है.”

खाली उतरले. मागे ट्रेवरचे ग्लास किणकिणले, कुणीतरी खुदकन हसलं. कोण ते मी वळून पाहिलं नाही.

सवलत दुसऱ्याच दिवशी बंद झाली. मेसेज आला, अतिशय नम्र. तो तास गेला. त्या दिवशी मी कुणाचीही नक्कल केली नाही. स्वयंपाकघरात फरशीवर बसून राहिले. शौर्याची किंमत अशीच असते, असलं काही मला सुचलं नाही. मला फक्त ती खोली हवी होती.

पुढच्या महिन्यात आमच्या कर्मचारी संघटनेची बैठक झाली. मी उठले. म्हटलं, दातांचं बिल पास होतं, गुडघ्याचं होतं. माझ्या काउन्सेलरचं का नाही?

मागून कुणीतरी ओरडलं, “आप? मैडम, आप तो सबको हँसाती हैं!”

“हाँ, मैं. जिसे आप लोग पागलों का डॉक्टर कहते हैं, मैं वहीं जाती हूँ. मिनिट्स में लिखिए.”

सेक्रेटरीचं पेन थबकलं. मी तिथेच उभी राहिले. त्यांनी लिहीपर्यंत.

बाहेर जिन्यात दोघीजणी जवळ आल्या. कुजबुजत म्हणाल्या, “पता मिलेगा?” मी मुद्दाम मोठ्याने सांगितला.

आरोग्यासाठी माझ्या पगारातून दर महिन्याला कापतात. मी त्यातलं मागतेय. दान नाही. माझा अर्ज परत आला, ‘नियमात बसत नाही’ म्हणून. मी दुसरा टाकलाय. तो परत आला तर तिसरा टाकेन. निवृत्त होईपर्यंत टाकेन, आणि प्रत्येक अर्ज स्वतः घेऊन जाईन, साहेबाच्या टेबलापर्यंत. आता त्यांची नक्कल करून दाखवणार नाही. आता ते माझं ऐकतील.

तोवर महिन्यातून एकदाच त्या खोलीत जाते. स्वतःच्या पैशाने, तेवढंच परवडतं. निघण्याआधी जांभळीला इस्त्री करते आणि आरशासमोर उभी राहते. खाली बसून पंखे सारखे करणारं कुणी नाही. मीच वाकते. एकेक पंखा नीट लावते. मग दार ओढून घेते आणि निघते.