पुढे आरसा

एक डोळा दुधावर, एक कान बाथरूमकडे आणि हात सासूबाईंच्या गोळ्यांच्या डबीत, अशा अवस्थेत काकू असताना दार वाजलं. बेल चांगली चालू असूनही कोणीतरी तळहाताने दारच थापटत होतं.

"बघ गं कोण आलंय," नवरा आतून ओरडला. "माझ्या तोंडाला साबण आहे."

"दार वाजलं की तुमच्या तोंडाला नेमका साबण असतो," असं म्हणत काकूंनी गॅस बंद केला.

दारात शाळेतले गणिताचे सर उभे होते. शर्टाचं एक बटण चुकीच्या काजात, काखेत जाडसर पाकीट. एरवी हा माणूस फोन केल्याशिवाय यायचा नाही.

"काकू, जरा गडबड झालीय. बसून बोलू या."

मोहल्ल्यात काकूंना सगळे 'बाकीकाकू' म्हणत. गणित घेऊन पदवी झाली, विम्याच्या कचेरीत नोकरी झाली, मग सासूबाई अंथरुणाला खिळल्या आणि नोकरी सुटली. मुलाला शिकवायला म्हणून जेवणाच्या टेबलावर संख्याशास्त्र मांडलं. मुलगा तबल्याकडे पळाला, पण त्याच्याबरोबर येणारी पोरं टिकली. त्यांची भावंडं आली, मग भावंडांचे मित्र आले. शालेय गणित स्पर्धेला बसायचं तर बाकीकाकूंकडे जायचं, असं ठरूनच गेलं. फळ्याचं काम फ्रिजच्या दारावर चाले. कोणाला पाणी हवं असलं की अर्धं गणित भिंतीकडे वळे. काकूंचा प्रश्न ठरलेला: "भागलंस ना? मग बाकी किती?" समोरच्या वहिनींना मात्र हे भविष्य सांगण्यातलं काहीतरी वाटे. नव्या स्कूटरला कुठला नंबर लाभेल, हे विचारायला त्या दोनदा येऊन गेल्या होत्या.

सरांनी पाकिटातून गणित स्पर्धेच्या दोन उत्तरपत्रिकांच्या झेरॉक्स काढून टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या.

"एक डॉक्टरांच्या मुलाची, एक आपल्या मुंगीची. बाकी पेपर दोघांचा उत्तम आहे. पण हा प्रश्न बघा."

मुंगी म्हणजे बस ड्रायव्हरची मुलगी. एकेक पायरी लिहीत हळूहळू पुढे सरकायची, म्हणून वर्गातल्या पोरांनीच तिला ते नाव दिलं होतं. प्रश्न साधा होता: तेराने पूर्ण भाग न जाणाऱ्या घनसंख्येला तेराने भागलं तर कोणकोणती बाकी उरू शकते? दोघांनी एक ते सहा या संख्यांचे घन केले होते आणि बाक्या लिहिल्या होत्या: एक, आठ, एक, बारा, आठ, आठ. त्याखाली दोघांच्याही अक्षरात तेच दोन शब्द होते. पुढे आरसा. तिथेच दोघं थांबले होते, आणि पाच ही बाकी दोघांच्याही हातून निसटली होती.

"चूक एक, जागा एक, शब्दही तेच," सर म्हणाले. "हा आरसा कुठल्याच पुस्तकात नाही. मुंगी त्याच्या मागच्या बाकावर होती. समितीचं म्हणणं, मागच्यानेच पुढच्याचं बघितलं असणार. चौकशी माझ्यावर टाकलीय. दुपारी पुढच्या फेरीची नावं लागतील, त्यातून तिचं नाव काढायचं चाललंय."

काकू खुर्चीवर टेकल्या.

"सर, हा आरसा माझा आहे."

"म्हणजे?"

"दोघंही माझ्याकडेच येतात. वर्गसंख्यांसाठी शिकवला होता. तेराने भागायचं असलं की एकच्या आणि बाराच्या वर्गाला सारखीच बाकी उरते, दोनच्या आणि अकराच्याही. मग सहापर्यंत करायचं आणि लिहायचं, पुढे आरसा. पोरांचे कष्ट अर्धे होतात." त्यांनी पदराने कपाळ टिपलं. "पण घनांना हा आरसा उलटं दाखवतो. दोनच्या घनाला आठ उरतात आणि अकराच्या घनाला पाच. तिथे बारापर्यंत जावंच लागतं. स्पर्धा तोंडावर आली, मी घाईघाईने घन उरकले आणि हे सांगायचं राहिलं. माझ्या टेबलावर बसलेलं कुठलंही पोर हीच चूक करेल. चूक माझी आहे, तसं लिहून देते."

नवरा तोवर बाहेर आला होता. एका कानाला फेस तसाच. "अगं, लिहून काय देतेस? गावभर होईल. उद्यापासून कोण पाठवेल पोरं?"

"मग टेबल जेवायला मोकळं होईल. तुमचीच तक्रार होती ना?"

सरांना हसू आलं नाही. "मला पटतंय, काकू. पण समिती म्हणेल, बाई आपल्या विद्यार्थिनीला वाचवायला वाटेल ते अंगावर घेतेय."

तेवढ्यात जिन्यात चपलांचा फटफटाट झाला आणि काकूंच्या सकाळच्या वर्गातली, वरच्या मजल्यावर राहणारी फिरकी दप्तर ओढत आत शिरली. गालगुंड झाल्यामुळे ती परीक्षेला बसलीच नव्हती.

काकू आणि सरांची नजरानजर झाली.

"पेपर बघितलास का गं स्पर्धेचा?" सरांनी विचारलं.

"कुठून बघणार? परत घेतले ना सगळ्यांचे. आणि मला कोणी घरातच घेत नव्हतं. आजी तर दारातूनच बोलायची."

सरांनी कोरा कागद पुढे केला, प्रश्न स्वतः सांगितला आणि काकूंकडे वळून हळूच म्हणाले, "तुम्ही एक अक्षर बोलायचं नाही."

काकू ओट्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या. इतकी वर्षं पोरांच्या मागे उभं राहून त्यांनी एकच धावा केला होता, की याचं बरोबर येऊ दे. आज त्या पहिल्यांदाच मनातल्या मनात विनवत होत्या, चूक गं बाई, तेवढी एकदा चूक. आणि फिरकी म्हणजे वर्गातली सगळ्यात चौकस पोर, हे त्यांना आत्ताच आठवायचं होतं!

फिरकीने एकचा घन केला, दोनचा केला. तीनला जीभ बाहेर काढली. चारला बारा बाकी लिहिली. पाचला आठ, सहालाही आठ. मग पेन्सिल थांबली.

आतून सासूबाईंची हाक आली, "सूनबाई, गोळी!" काकू हलल्या नाहीत. नवराच गोळ्यांची डबी घेऊन मुकाट्याने आत गेला.

फिरकीने वर बघितलं. फ्रिजकडे बघितलं, दार कोरं होतं. तिने कागदाच्या कोपऱ्यात सात लिहिला. साताचा घन केला की पाच बाकी दिसणार आणि मुंगीचं नाव जाणार. फिरकी साताकडे पाहत पेन्सिलीचं टोक चावत राहिली. मग खोडरबर घेऊन तिने तो सात खसाखसा पुसला आणि लिहिलं: पुढे आरसा.

"झालं," ती म्हणाली. "सोपं होतं. काकू, रडताय काय? बरोबर आहे ना?"

"चूक आहे," काकू म्हणाल्या आणि तिला जवळ ओढून तिच्या डोक्यावर हनुवटी टेकवली. "शंभर टक्के चूक आहे. आणि ती माझी आहे. थांब, सांगते तुला."

सर तो कागद आणि फोन घेऊन गॅलरीत गेले. काचेआडून त्यांचा आवाज येत नव्हता, नुसता हात दिसत होता. हात वर जायचा, खाली यायचा, मध्येच कपाळाला लागायचा. काकूंनी फिरकीसाठी फ्रिजच्या दारावर सातापासून बारापर्यंत आकडे मांडले, पण कुठला घन कुठे लिहिला हे त्यांचं त्यांनाच कळत नव्हतं.

सर आत आले.

"नाव राहणार. दोघांचंही. त्या प्रश्नाचे मार्क मात्र दोघांचे जातील."

"जायलाच हवेत."

"तुमचं लेखी लागेल."

"आत्ता देते."

सर पाकीट बंद करत घुटमळले. "एक राहिलंय. अध्यक्ष म्हणाले, नाव राहू द्या, पण मुलीला एकदा समोर बसवून विचारून घ्या. नुसतं विचारायचंय."

"मुलालाही?"

सरांनी खाली बघितलं. "त्याचं काही बोलले नाहीत."

काकूंनी मार्करचं टोपण लावलं.

"तिला यातलं काही कळलंय?"

"अजून तरी नाही."

"मग सर, माझी एकच विनंती आहे," काकू म्हणाल्या. "तिला 'कॉपी केलीस का' असं विचारू नका. 'साताच्या घनाला बाकी किती?' एवढंच विचारा."