रहमतबीनं दाखवलेली जागा

जन्मभर मास्तरकी केली. भानामती, अंगात येणं असलं काही पोरं सांगू लागली की मीच त्यांना दटावायचो. आजही माझा विश्वास नाही. तरी ही एक गोष्ट लिहितोय... कारण तिच्यात माझी चूक आहे आणि ती मी गावापुढं कधीच कबूल केलेली नाही.

निजामाचं राज्य जाऊन आठ-नऊ वर्षं झाली होती. मराठवाड्यातल्या वाशीजवळच्या एका खेड्यात माझं दुसरं वर्ष. सगळं गाव पायऱ्यांच्या बारवेचं पाणी प्यायचं, आणि त्या पाण्यात नारू होता. पाण्यावाटे तो पोटात जातो, वर्षभर काही कळत नाही. मग पायाला फोड येतो, आग आग होते आणि दोऱ्यासारखा पांढरा जंत बाहेर डोकावतो. आमच्या शेजारच्या रहमतबी चाची तो काडीला गुंडाळून रोज बोटभर ओढायच्या. त्यांच्या हातून तो कधी तुटला नाही.

“नारूचा पाय बारवेत घालायचा नाही, त्याची पिल्लं पाण्यात सुटतात,” हे मीच वर्गात घोकून घ्यायचो.

त्या उन्हाळ्यात माझ्याच घोट्याला फोड आला. तिसऱ्या दुपारी आग सोसेना. बारवेवर चिटपाखरू नव्हतं... मी पाय पाण्यात सोडला.

रहमतबी त्या दिवशी वाशीच्या बाजाराला गेल्या होत्या. दिवेलागणीला परतल्या, त्या सरळ माझ्या दारात.

“थंडावला का पाय, गुर्जी?”

“कुठं? तसाच आहे,” मी म्हणालो.

त्यांनी लुगड्यावरूनच स्वतःच्या डाव्या गुडघ्याच्या मागं बोट टेकवलं. “पुढच्या साली हितं निघंल.” आणि माझ्या पायाला काडी लावायला बसल्या.

बारवेत पाय घातल्याचं मी कुणालाच सांगितलं नाही. मास्तरची अब्रू जाईल म्हणून. गाव तेच पाणी प्यालं.

पुढच्या उन्हाळ्यात घरोघर नारू निघाला. रहमतबींना डाव्या गुडघ्याच्या मागं—बरोबर तिथंच. त्यांचा हात पोचेना. मला बोलावलं.

“चाची, मला नाही जमायचं.”

“पोरांस्नी छडी मारताना हात कापत न्हाय, अन् आता का कापतोय?”

पाचव्या दिवशी मी घाई केली. नारू तुटला. गुडघा सुजला, पिकला आणि कायमचा आखडला. त्यानंतर त्यांना कुणाच्या पायाशी बसताच आलं नाही.

“चाची, बारवेत पाय मीच—”

“ठावं हाय. लई आग व्हत व्हती न्हाय तवा?”

माझं नाव त्यांनी शेवटपर्यंत कुणाला सांगितलं नाही.

पुढं एका डॉक्टरांनी मला हा रोग नीट समजावला. पण तो कुठून निघणार, हे वर्षभर आधी कुणालाच सांगता येत नाही, म्हणाले.

एवढं ठाऊक असून, मी पाय बुडवला त्याच्या दुसऱ्याच दिवशी रहमतबी घागर घेऊन बारव का उतरल्या, ते मला कळतं. गावात दुसरं पाणीच नव्हतं. ठाऊक कसं झालं, ते मात्र आजही कळत नाही.