मामांचं सीलबंद पाकीट

बर्फाशी काडीचाही संबंध नसताना बर्फावर तासन्‌तास बोलू शकणारा माणूस अख्ख्या बेंगळुरूत एकच आहे, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा आहे. मामांचा जन्म इथला, सगळी नोकरी इथल्याच एका सरकारी कारखान्याच्या खरेदी विभागात, घर हेब्बाळला. समुद्र त्यांनी एकदाच, मंगळूरला पाहिला, तोही चपला भिजतील म्हणून लांबून. म्हैसूरच्या बसमध्ये ते पुढच्या सीटवर लिंबू हुंगत बसतात. असे हे दर्यावर्दी, शंभरेक वर्षांपूर्वी दक्षिण ध्रुवाजवळच्या बर्फात चिरडून बुडालेल्या एका शोधमोहिमेच्या जहाजावर आपला हक्क असल्यासारखे बोलत. जहाज तळाशी नेमकं कुठे पडलंय हे जगात फक्त आपल्यालाच कळलंय, अशी त्यांची खात्री होती. आम्हाला खात्री होती ती वेगळ्याच गोष्टीची, पण सासरचा माणूस, बोलणार कोण?

डिसेंबरात बेंगळुरूला जराशी थंडी पडली की मामा कानटोपी, हातमोजे आणि दोन स्वेटर चढवून गच्चीवर थर्मामीटर बघत उभे राहात. पेरू विकणारी बाई खालून विचारी, ‘अण्णा, बरं नाही का?’ फ्रीजरमध्ये मामींच्या मटारांशेजारी सागवानाचे तुकडे मिठाच्या पाण्यात गोठवून ठेवलेले असत, कारण थंडीत लाकडाचं काय होतं यावर संशोधन चालू होतं. एका उन्हाळ्यात त्यातलाच एक बर्फाचा खडा माझ्या पन्ह्यात पडला. मी ठसकलो, जिभेवरून लाकडाचा कपचा काढला. मामांचा चेहरा उजळला. ‘बघितलंत? दोन वर्षं झाली, तरी स्वल्पसुद्धा कुजलं नाही! तिकडच्या पाण्यात लाकूड पोखरणारा किडाच नाही हो. जहाज जसंच्या तसं असणार.’ माझ्या घशाची चौकशी मामींनी केली.

आमच्या मंडळाच्या गणपतीत त्यांचं व्याख्यान ठरलेलं. मी मंडळाचा कार्यवाह, त्यामुळे ते टाळता येत नसे, आणि म्हणून मी ते महाप्रसादाच्या बरोबर आधी ठेवायचो. मामा कप्तानाच्या घड्याळातली सेकंदांची चूक आणि तिच्यामुळे चुकलेले रेखांश समजावू लागले की मसालेभाताचा वास हॉलमध्ये शिरे आणि पहिल्या तीन रांगा उठत. बर्फ कुठल्या दिशेला सरकत होता इथपर्यंत ते कसेबसे येत. आता जागा सांगणार, इतक्यात मी घंटा वाजवायचो. पंधरा वर्षं मी ती घंटा वाजवली, आणि खरं सांगतो, दरवेळी मला मजा आली.

शेवटी कंटाळून की काय, ते एकदा आमच्या मारतहळ्ळीच्या फ्लॅटवर आले आणि माझ्या हातात एक पाकीट ठेवलं. आयुष्य टेंडरं उघडण्यात गेलेल्या माणसाचं पाकीट! पाच ठिकाणी लाखेचे ठसे, झाकणाच्या जोडावर त्यांची आणि ऑफिसातल्या दोन जुन्या सोबत्यांची सही. आत जहाजाची जागा, अक्षांश-रेखांशांसकट. ‘जावईबापू, जहाज सापडलं की सगळ्यांसमोर फोडायचं. ज्याचं टेंडर त्यानं जवळ ठेवायचं नसतं.’ मी गंभीरपणे मान डोलावली. ते गेल्यावर, दुसरा कागद हाताशी नव्हता म्हणून, पाकिटाच्या पाठीवर वॉशिंग मशीन दुरुस्त करणाऱ्याचा नंबर लिहून घेतला.

आणि एक दिवस ते जहाज खरोखरच सापडलं. सगळीकडे त्याचे फोटो आले. काळोख्या तळाशी ते सरळ उभं होतं, कठडा शाबूत, सुकाणूचं चाकसुद्धा जागच्या जागी. लाकडाला कीड लागलेली नाही, असं तज्ज्ञ सांगत होते. हे मी खारट पन्हं पिताना ऐकलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा दारात. इस्त्रीचा पांढरा शर्ट, टाय, काखेत सह्यांसाठी रजिस्टर, मागे ते दोन साक्षीदार. ‘काढा पाकीट.’ मी कपाटं उपसली, माळ्यावरच्या बॅगा पालथ्या घातल्या. बायको हळूच म्हणाली, ‘अरे, मागच्या वर्षी घर बदललं तेव्हा सगळे जुने कागद तू रद्दीत दिलेस ना?’

मला जन्मात इतकी लाज वाटली नव्हती. बाहेर येऊन मी सांगितलं. मामांनी पेनाचं टोपण लावलं. ‘पण आकडे तुम्हाला पाठ असतील की,’ मी घाईघाईने म्हणालो. ‘सांगा, आत्ताच्या आत्ता बातमीशी ताडून बघू!’

‘छे. निकाल लागल्यावर सांगितलेला आकडा धरायचा नसतो. मीच कितीजणांना तसं परत पाठवलंय.’ साक्षीदारांकडे पाहिलं, तर त्यांनी सही फक्त झाकणावर केलेली, आतले आकडे पाहिलेच नव्हते. मामांनी कॉफी संपवली, ‘सरी, ठीक आहे, निघतो’ म्हणाले आणि जिना उतरले.

त्या वर्षी गणपतीत मी त्यांना अख्खा तास देऊ केला, प्रसादही नंतर ठेवला. ते आले नाहीत. आता रविवारी मीच हेब्बाळला जातो, बर्फाचा विषय काढतो. मामा गुडघ्यांबद्दल बोलतात. या उन्हाळ्यात मला राहवेना. म्हटलं, ‘मामा, फक्त मला सांगा. कुणाकडे बोलणार नाही.’

त्यांच्या आवाजात रागाचा मागमूस नव्हता. ‘जावईबापू, पंधरा वर्षं मी तुमच्यासमोर उभा होतो. मामा, जहाज कुठे आहे, असं एकदा जरी विचारलं असतंत, तर तेव्हाच सांगितलं असतं. पाकीट कशाला केलं असतं?’

मामींनी पन्हं आणलं. माझ्या पेल्यात बर्फाचे दोन खडे होते. मी एक जिभेवर घेऊन पाहिला. तो खारट नव्हता.