आमच्या चक्कीवरचा दुबई-अमेरिकेचा किराणा

चक्कीवर आलेल्या माणसाला गप्प बसवत नाही आणि हळू बोलता येत नाही. एकदा पट्टा फिरायला लागला की शेजारी टेकलेल्या बाईलाही ओरडूनच सांगावं लागतं. त्यामुळे आमच्या तामसी गावात कोणाच्याच घरची गोष्ट घरात राहिलेली नाही. सून माहेरी का गेली, जावई काय कमावतो, सगळं आमच्या चक्कीवर ओरडून झालेलं आहे! असे किस्से माझ्याकडे पोत्यांनी पडलेत. ते जमवले माझ्या दादाने, दिगांबरने. चक्की त्याची. मी सातवीत शाळा सोडली तेव्हापासून त्याच्या हाताखाली.

संक्रांत झाली आणि दादा गेला. ताप डोक्यात चढला. आदिलाबादच्या दवाखान्यात नेईपर्यंत बोलणं बंद झालं होतं. 'त्याची वेळ भरली होती' असं कोणी म्हटलं की मला डबा फेकून मारावासा वाटतो. एकाला मारलाही. रिकामा होता.

आता घरात एकच विषय आहे. वहिनी चिमीला घेऊन माहेरी जाणार का, आणि चक्की विकायची का. चिमी म्हणजे दादाची पोरगी, अजून शाळेत जात नाही. चक्की आता वहिनीची, ती म्हणेल तसं होईल. पण वहिनी काहीच म्हणत नाही. आई मला विचारते, मी कोणाला विचारू? म्हणून चक्कीवर आलेल्यांना मी दादाचे किस्से सांगत बसतो.

*

गंगूकाकूचा संतोष दुबईला टाइल्स बसवतो. एक दिवस काकू ओरडली, "दुबईत किलोभर भेंडीच्या पैशात आपल्या इकडं कोंबडी येते!"

शांताकाकूची मनीषा इंजिनियर नवऱ्याबरोबर अमेरिकेत. ती कशी मागे राहील? "आमच्या मनीच्या गावात तर कोंबडीच भेंडीपेक्षा स्वस्त!"

दादाने गंभीर चेहऱ्याने विचारलं, "म्हणजे तिकडं जावई आला की भेंडी कापत असतील?"

*

तिथून रोज भाव सुरू झाले. पण रुपये, दिरहम, डॉलर, कशाचा कशाशी मेळ बसेना. मग दादाने एक युक्ती काढली. "पैशात सांगूच नका. महिन्यातले किती दिवस राबलं म्हणजे महिन्याचा किराणा निघते, तेवढं सांगा." याला त्याने नाव दिलं, पोटाचे दिवस.

दोन्हीकडे फोन लागले. संतोष म्हणाला, तीन दिवस. मनीषा म्हणाली, पाच. सगळ्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या.

"आन तुमचे, काकू?" दादाने गंगूकाकूला विचारलं.

"आमी तिसई दिवस पोटासाठीच करतो, बाप्पा. एकतीस तारखेले एकादशी धरतो!"

*

एकदा मनीषा फोनवर आईला महिन्याचं सामान सांगत होती. फोन स्पीकरवर, चक्की बंद, सगळ्या बायकांचे कान तिकडे. तांदूळ, डाळ, तेल, इथपर्यंत माना डोलत होत्या. मग ती म्हणाली, "कोथिंबीर," आणि डॉलरचा आकडा सांगितला.

शांताकाकूच्या हातातली चाळणी खाली आली. "मने, तू कोथिंबिरीले पैसे देते?"

"हो आई."

"बाकीची भाजी घेतल्यावरही?"

"हो आई."

"वरून मागून नाई पाह्यली?"

"आई, इथे मागत नाहीत."

बायका काकूजवळ सरकल्या, दुःखाच्या घरी सरकतात तशा. गंगूकाकूने तिच्या पाठीवर हात ठेवला. "रडू नको व शांते. बाकी बाबतीत सुखात असंल पोरगी."

वहिनी कोपऱ्यात ज्वारी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "काकू, तुमी इंजिनियर पाह्यला. कोथिंबीर काऊन नाई पाह्यली?"

दादा इतका हसला की त्याला खोकला लागला. वहिनी अशी बोलायची. दिवसभरात एकच वाक्य, पण ते गावभर जायचं. आता तेही नाही.

*

मनीषाने एकदा ज्वारीच्या पिठाच्या पाकिटाचा फोटो पाठवला. एवढंसं पाकीट, चार भाकरी झाल्या तर खूप. किंमत ऐकून दादा उभाच राहिला. "अरे, म्हणजे मी इथं रोज अंगावर सोनं उडवून राह्यलो!"

त्याने तिथल्या तिथे ठरवलं, अमेरिकेत चक्की टाकायची. मनीषा जागा पाहील. दगड इथून न्यायचे. मला हाताखाली न्यायचं. मी तर मनातल्या मनात पँटही निवडली होती! सगळं ठरेपर्यंत वहिनी शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "जा ना. जाता जाता आदिलाबादवरून पट्टा घेऊन या. तुटाले आला म्हणून आठ दिवसांपासून सांगून राह्यली."

*

किसनआबा म्हणजे आमच्या चक्कीचं सर्वात जुनं गिऱ्हाईक. पिशवीत ओंजळभर ज्वारी आणायची आणि दुपारभर बसायचं. एक दिवस ते चिडले. "तुमी पोट्टे फोनवर देश पाहता. मी देश पायाने पाह्यला. पैनगंगा उतरली की दुसरं राज्य! इकडं निजामाचा हाली शिक्का, तिकडं इंग्रजाचा कलदार रुपया. मधात करोडगिरीचा नाका. कोणताही माल आणा, जकात भरा."

"मग तिकडून काय आणायचे, आबा?"

"गूळ. माहा बाप गुळाची ढेप घेऊन आला. नाका दिसला तसा झाडाखाली बसला, मलेही बसवलं. म्हणे, खाय. मी खाल्ला. म्हणे, अजून खाय. नाक्यावर पोचलो तं अर्धीच ढेप उरली होती."

"आणि शिपाई काय म्हणाला?"

"त्यानं ढेप पाह्यली, आमची तोंडं पाह्यली. पण करते काय? निजाम गेला, हैदराबाद गेलं, आंध्र गेलं, आता तेलंगणा आलं. पोटातल्या मालावर जकात लावणं अजून एकाही सरकारले जमलं नाई!"

*

मग आमच्या आदिलाबाद जिल्ह्याचे तुकडे झाले. त्या दसऱ्याला वांकिडीची आमची मावशी एका दिवसात आसिफाबाद जिल्ह्यात गेली. दादाला तेवढंच पाहिजे होतं. लगेच फोन लावला. "मौशे, तुमच्या मुलखात तेलाचा काय भाव आहे?"

"काऊन रे, तू कोण्या मुलखात आहे?"

"आमी आदिलाबादवाले. तुमी आता परदेशी झाल्या."

मावशीने फोन ठेवून दिला. दिवाळीत आम्ही दोघं तिच्याकडे गेलो. दादाने तिच्यासाठी पिशवीभर तीळ घेतले होते. मावशी दारातच आडवी उभी राहिली. "थांब. करोडगिरी." पिशवी ओढली, अर्धे तीळ सुपात काढले, उरलेले परत दिले. "हे तुमच्या देशात घेऊन जा."

जेवायला बसलो. दादाच्या ताटात वरणभात. करंज्यांचा डबा समोर, पण वाढेना कोणी. दादाने हात पुढे केला तर मावशीने डबा सरकवला. "करंज्या जिल्ह्यातल्या माणसाइले आहेत."

माझ्या ताटात मात्र तिने चार वाढल्या. दादा ओरडला, "अन हा कोण्या जिल्ह्यातला?"

"तो लहान आहे. त्याचा जिल्हा अजून ठरला नाई!"

*

दुबईचे पोटाचे दिवस तीन, अमेरिकेचे पाच, म्हणजे दुबई स्वस्त, असं आमच्या चक्कीने पक्कं करून टाकलं होतं. गंगूकाकू त्या जोरावर शांताकाकूशी दोन वर्षं भांडली. मग संतोष सुट्टीवर आला.

तो आल्यावर तिसऱ्याच दिवशी काकू डबा घेऊन हजर. दादा म्हणाला, "काकू, सोमवारीच तर दळलं!" काकू काहीतरी बोलली, पण पहिल्यांदाच हळू बोलली. ऐकू आलं नाही म्हणून दादाने चक्की बंद केली.

"दिगू," काकू म्हणाली, "दुबई स्वस्त नाई रे. पोरगं तिकडं जेवतच नाई."

दादाने तिचं दळण फुकट दळून दिलं. डबा तिच्या डोक्यावर ठेवता ठेवता म्हणाला, "सुट्टी वाढव म्हणा त्याले. निघू द्या तुमचं दिवाळं!"

काकू हसली आणि डोक्यावरच्या डब्यातलं पीठ तिच्याच अंगावर सांडलं.

*

हा आता माझा किस्सा. आमच्याकडे मिरची मंगळवारी दळतात. बुधवारी सकाळी आधी ओंजळभर ज्वारी टाकून दगड साफ करायचे, ते पीठ फेकायचं आणि मग गावाचं दळण घ्यायचं. हे दादा न चुकता करायचा. तेरवी झाली, मी चक्की उघडली आणि पहिल्याच बुधवारी विसरलो. मिरचीवरून सरळ गंगूकाकूची ज्वारी, मग शांताकाकूची, मग आबांची, शेवटी आमच्या घरची.

दुसऱ्या दिवशी आबा भेटले. डोळे लाल. विचारलं, "आबा, पीठ कसं झालं?" म्हणाले, "झकास." शांताकाकू भेटली. ती म्हणाली, "अगदी दिगूसारखं दळतं रे तू." माझी छाती एवढी फुगली!

संध्याकाळी जेवायला बसलो आणि पहिल्याच घासाला कान पेटले. आई पाणी पीत पीत जेवत होती. वहिनी ताटात पाहून जेवत होती. कालपासून दोघी तीच भाकर खात होत्या; मला जुन्या पिठाची वाढत होत्या, ते आता संपलं होतं. मी ताट सोडलं आणि पळत गंगूकाकूकडे गेलो. "काकू, तुमी मले काऊन सांगितलं नाई?"

"काय सांगू? भाकरीतच ठेचा आला. भाजीचा खर्च वाचला. आमचे पोटाचे दिवस दोननं कमी झाले!"

मी तिच्या ओट्यावर बसून रडलो. खूप वेळ. येणारे-जाणारे थांबून विचारायचे. काकू सगळ्यांना सांगायची, "काई नाई, मिरची लागली त्याले."

*

मागच्या सोमवारी मामा आले, म्हणजे वहिनीचे वडील. पैनगंगेच्या पलीकडून, महाराष्ट्रातून, भाड्याची गाडी करून. होळीच्या आत लेक आणि नात घेऊन जायची असं ठरवूनच आले होते. चक्कीला आदिलाबादचा एक गिऱ्हाईकही त्यांनीच पाहून ठेवलं होतं. माणूस वाईट नाही. वाईट असता तर मी सरळ भांडलो असतो.

वहिनी त्या दिवशी मला जेवणाचा डबा द्यायला चक्कीवर आली होती. दादा गेल्यापासून पहिल्यांदाच. चिमी तिच्या पदराला. मामा तिच्या मागोमाग आले आणि बोलायला लागले. चक्की चालू. साहजिकच ओरडून बोलायला लागले. बसलेल्या बायका डब्यांवर हात ठेवून ऐकत होत्या.

"तिकडं घरच्या दोन म्हशी आहेत! दूध-तूप विकत नाई! डाळ घरची, मिरची घरची! वाण्याकडून चहा-साखर तेवढी आणतो! आन इथं काय आहे? दोन बायका, एक लेकरू आन हे पोरगं! मीठ-मिरचीपासून सगळं विकत! कसं निघंल वर्ष?"

मामा माझ्याकडे वळले. "लेक नेतो, पण तुमाले उपाशी नाई ठेवत! गाडीत ज्वारीचा कट्टा आहे! तुमच्या आईले पुरंल!"

मी पट्टा बंद करायला धावलो. मला त्या कट्ट्यासकट त्यांना गाडीत बसवायचं होतं.

"राहू दे चालू," वहिनी म्हणाली.

मी थांबलो.

"गज्या, कट्टा उतरव."

म्हणजे वहिनी जाणार. तरी उतरवला. वहिनीने पदर खोचला, चिमीला शांताकाकूच्या मांडीत दिलं, कट्ट्याचं तोंड सोडलं आणि ज्वारी चक्कीत ओतायला लागली. मामा बघत राहिले. बायका बघत राहिल्या. अख्खा कट्टा दळून होईपर्यंत कोणी एक शब्द ओरडलं नाही. मधेच तिने चिमटीत पीठ घेऊन पाहिलं आणि दगड जरा आवळले. शेवटी सगळं पीठ दोन पोत्यांत भरलं, तोंडं बांधली आणि पोती मामांच्या पायाशी आणून ठेवली.

"घ्या बाबा. आईले सांगा, बारीक दळलं."

"मले काऊन? मी तं यांच्यासाठी आणली होती."

"दळणाचे पैसे?"

"माह्याजवळून?"

"बाहेरगावचं दळण आहे. उधार नाई ठेवत."

मामांनी तिच्याकडे पाहिलं, बायकांकडे पाहिलं, आणि खिशात हात घातला. वहिनीने नोट घेतली, गल्ल्यातून सुट्टे काढून त्यांच्या हातावर ठेवले आणि पट्ट्याच्या वर आवाज चढवून ओरडली,

"हं, पुढचं दळण कोणाचं?"