आखितीचा आंबा कोण चाखणार

तुम्ही दोघांनी व्हिडिओ कॉलवर हुकूम सोडलात, "आजी, आजोबांसाठी रडका कार्यक्रम नको. त्यांना आवडायचा तसा उन्हाळ्याचा कार्यक्रम कर." तिकडं बर्फात बसून हे सांगणं सोपं होतं. इथं आपल्या गावात उन्हाळ्याचा कार्यक्रम म्हणजे काय करायचं? लोक उन्हाळ्यापासून पळतात. एकटे तुमचे आजोबाच असे, की होळी झाली की त्यांच्या अंगात हुशारी यायची. ते माळ्यावरून कूलर उतरवायचे, त्यात नवा वाळा भरायचे, गुलमंडीच्या बाजारात जाऊन माठ टिचक्या मारून पारखायचे. "ऊन वाईट नाही, उन्हाशी वागायची रीत माहीत पाहिजे," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. रीत म्हणजे डोक्याला ओली दस्ती आणि खिशात कांदा. असा मोठा रुमाल आणि असा कांदा घेऊन ते भर दुपारी बँकेत जायचे आणि रांगेतल्या लोकांनाही कांद्याचे फायदे सांगायचे.

म्हणून मी आखितीचा दिवस ठरवला. तुमची आई तुम्हाला अक्षय तृतीया म्हणून सांगते तीच ही. आपलं घराणं मूळ सोयगावचं. तिथं आखितीला गेलेल्या माणसांच्या नावानं मातीची घागर पाण्यानं भरतात, तिच्यावर फळ ठेवतात, नैवेद्य दाखवतात. उन्हाळ्यात त्यांनाही तहान लागत असणार, एवढा साधा विचार त्यामागं आहे. आणि घागर भरेपर्यंत घरात कुणी आंब्याला तोंड लावत नाही. पहिला आंबा पितरांचा. तुमचे आजोबा गेल्या पावसाळ्यात गेले, म्हणून ही त्यांची पहिलीच आखिती होती.

हा नियम त्यांनी स्वतः दरवर्षी मोडला. सोयगावच्या शेतात आपलं एक गावरान आंब्याचं झाड आहे. चोखून खायचे आंबे. झाड मोठं लहरी, एकाच टोपलीतला एक आंबा मधासारखा तर दुसरा दात आंबवणारा. आढीतून आंबे निघाले की आजोबा त्यातला एक उचलायचे, तळहातावर फिरवून मऊ करायचे, देठाजवळचा चीक पिळून टाकायचे आणि सरळ तोंडाला लावायचे. मग त्यांची थोरली बहीण, आपल्या अक्का, ओरडायच्या.

"अरे, पितरांच्या आधी खातोस?"

"खात नाही अक्का, चाखतोय. आंबट निघाला तर आपला आजा वरून शिव्या घालंल."

"चाखलास ना एक? मग दुसरा कशाला घेतलास?"

"एकानं काय कळतंय?"

हे भांडण मी लग्नानंतरच्या पहिल्या आखितीपासून ऐकत आले. दोघांनाही ते पाठ होतं आणि एकजण जरी शब्द विसरला असता तर दुसऱ्याला चुकल्यासारखं झालं असतं.

त्यांची आई लवकर गेली, म्हणून अक्कांनीच तुमच्या आजोबांना वाढवलं. ते गेल्यावर दहाव्या दिवशी त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "त्याच्या नावानं मी आंबा सोडला." आपल्याकडे गेलेल्या माणसासाठी असं काहीतरी सोडतात. पण या चैत्रात तुमचा मामा सोयगावला जाऊन आला तो तोंड पाडूनच. "आई, आत्या जेवतच नाही गं. उन्हाळाभर रसपोळीवर जगणारी बाई, आता भाकरीचा तुकडा मोडते आणि उठते. विचारलं तर म्हणते, मला कशाचा उन्हाळा, तुमचा उन्हाळा तुम्हाला."

तेव्हा मी मनाशी ठरवलं, की हा कार्यक्रम बाकी कसाही होवो, अक्का इथं येऊन पोटभर जेवल्या पाहिजेत. बाईंनी ऐंशी केव्हाच ओलांडलीय. त्या अशाच उपाशी राहिल्या, तर आजोबांच्या नावानं कूलर सजवून काय उपयोग?

मी इंग्रजी शाळेत शिकले. तिथं लागलेली सवय अशी, की काम पुढं आलं की आधी वेळापत्रक. कोण केव्हा येणार, घागर केव्हा, आठवणी सांगायला प्रत्येकाला किती मिनिटं, सगळं मी ठरवून टाकलं. आणि सगळ्यात वर नियम केला: आंबा दिसता कामा नये. अक्कांच्या डोळ्यांसमोर इतरांनी रस ओरपावा, हे मला बरं वाटेना. घागरीवर आंब्याऐवजी डांगर, म्हणजे खरबूज, ठेवायचं. ते चालतं, एका वर्षी आंबा उशिरा आला तेव्हा अक्कांनीच तसं केलेलं मी पाहिलं होतं. रसाऐवजी शेवयांची खीर. मग पन्ह्यापाशी अडलं. कैरी म्हणजे आंबाच की! पन्हं रद्द, लिंबाचं सरबत. कैरीच्या लोणच्याची बरणी फडताळात गेली. पाहुण्यांना फोन करून सांगितलं, की येताना आंबे आणू नका. तरी आजोबांचे हर्सूल तलावावर फिरायला जातानाचे एक सोबती आंब्याची बर्फी घेऊन आलेच. ती मी गव्हाच्या कोठीत लपवली.

बाकी थाट मात्र तुम्ही पाहायला हवा होता. दारातच तुमची मामी प्रत्येकाला ओली दस्ती आणि एक कांदा देत होती. हॉलमध्ये वाळ्याचा वास, कोपऱ्यात नवा माठ, कूलरच्या समोर आजोबांची खुर्ची आणि तिच्यावर त्यांचा तो धुऊन धुऊन विरलेला रुमाल. सोबती डोक्याला दस्ती गुंडाळून आत आले आणि मला म्हणाले, "वहिनी, कांदा मिळाला. भाकरी केव्हा?"

"वेळापत्रकात आहे," मी म्हटलं.

"म्हणजे दोस्त गेला तरी वेळापत्रक नाही गेलं!"

तेवढ्यात सोयगावहून अक्कांना घेऊन मामाची गाडी आली. फर्दापूरवरून येताना ऊन लागलं असेल म्हणून मी सरबताचा ग्लास घेऊन पुढं झाले, पण अक्का ग्लासाकडं न बघता आत गेल्या. माठाला हात लावून बघितला. खुर्चीपाशी थांबल्या, रुमालाची घडी नीट केली. मग घागरीवरच्या डांगराकडं बघितलं आणि तडक स्वयंपाकघरात शिरल्या. एकेक झाकण उचललं.

"रस कुठंय?"

"अक्का, तुम्ही आंबा सोडलाय ना, म्हणून या वेळी…"

"मी सोडला. त्यानं कवा सोडला?"

अक्कांनी हातातलं झाकण ओट्यावर आपटलं.

"पहिली आखिती माझ्या भावाची, आन् तू त्याला डांगरावर भागवतीस व्हय? लई शिकलेली तू!"

खरं सांगते, मला वाईट वाटण्याऐवजी हसू यायला लागलं, कारण फार दिवसांनी अक्का कुणाला तरी बोलत होत्या.

त्यांनी मामाला गाडीतलं गोणपाट आणायला लावलं. तोंड सोडलं तसा गवतातून तो वास आला आणि वाळ्याचा वास कुठल्या कुठं गेला. आपल्या झाडाचे आंबे. आढी अक्कांनीच लावली होती. "खायचं सोडलंय, आढी लावायची नाय सोडली," त्या म्हणाल्या.

मी डांगर उतरवलं. आंबा उचलून ठेवणार, तेवढ्यात मामा म्हणाला, "आत्या, गोड असतील ना? त्या झाडाचा काही भरवसा नाही."

आम्ही सगळ्यांनी नकळत कूलरसमोरच्या खुर्चीकडं बघितलं. हे काम नेहमी त्या खुर्चीतल्या माणसाचं होतं.

"चाखणारा तर वर जाऊन बसलाय, घागरीची वाट बघत," सोबती म्हणाले. "मी चाखू का? मी काय तुमच्या घरचा नाही, मला नियम लागू नाही."

"तुम्ही गप बसा," अक्का म्हणाल्या. "सरबतात साखर नाय घातली तरी गोड म्हणणारी माणसं तुम्ही."

घरातल्या कुणाला चाखता येईना, कारण घागरीचा नैवेद्य अजून व्हायचा होता. आणि न चाखता ठेवायचं धाडसही कुणाला होईना. मी पातळ सालीचा एक आंबा निवडला आणि अक्कांच्या हातात ठेवला.

"आंबट निघाला तर ते वरून काय म्हणतील, ते तुम्हालाच ठाऊक."

अक्कांनी माझ्याकडं रोखून बघितलं. मग आंब्याकडं. त्यांचा अंगठा सालीवरून आपोआप फिरायला लागला होता. आंबा मऊ झाला. देठ काढला, चीक पिळला.

"मी खात नाय बरं का," त्यांनी सगळ्यांना बजावलं. "चाखतेय."

कोय पांढरी होईपर्यंत त्या चाखत होत्या. मनगटावरून ओघळ कोपरापर्यंत आला तरी कुणी हलत नव्हतं.

"कसा आहे, आत्या?" मामानं विचारलं.

अक्कांनी कोय बाजूला ठेवली, गोणपाटात हात घातला आणि दुसरा आंबा काढला.

"एकानं काय कळतंय?"

आम्ही हसलो ते असे, की शेजारच्या बाई काय झालं म्हणून दारात आल्या, आणि मामीनं त्यांच्याही हातात कांदा दिला. अक्का हसल्या, मग डोळे पुसले, मग पुन्हा हसल्या. दुसरा आंबा संपवून, हात धुऊन, त्यांनी तिसरा स्वतः निवडला, दोन्ही हातांनी घागरीवर ठेवला आणि खुर्चीकडं बघून म्हणाल्या, "घे. बघून दिलाय."

त्यानंतर वेळापत्रक कुणी पाळलं नाही, मीसुद्धा नाही. मामीनं उरलेल्या आंब्यांचा रस काढला, मी कोठीतून बर्फी आणि फडताळातून लोणचं बाहेर काढलं. पंगतीत अक्कांच्या पानाशी जाऊन मी रसाचं पातेलं घेऊन घुटमळले. वाढावं की नको? अक्कांनी आपणच वाटी पुढं केली.

"रस येगळा चाखावा लागतो," त्या म्हणाल्या. "आन् पोळी गरम वाढ."