छातीवरचा घट्टा

मिस्तरीच्या घराण्यात छातीवरचा घट्टा म्हणजे कारागिरीची खूण. हाताने फिरवायचं ड्रिल छातीने रेटून लाकडाला भोक पाडायचं, मग तिथली कातडी जाड होणारच. वडिलांना घट्टा होता, मिस्तरीला होता, धाकट्या भावालाही होता. "घट्टा नाही तो सुतार कसला?" असं वडील छाती ठोकून म्हणायचे.

दोन वर्षांपूर्वी कारखान्यात विजेवरची ड्रिलं आली. दोघा भावांचे तळहात मऊ पडले. मिस्तरीच्या छातीवरचा घट्टा मात्र वाढतच गेला. त्याला ते कळत नव्हतं असं नाही. कळत होतं, म्हणूनच तो तिकडे बघत नव्हता. झाकली मूठ सव्वा लाखाची.

मग बनियनवर रक्ताचा डाग दिसला. जन्मात रुमाल न धुतलेला माणूस मोरीत बनियन घासत बसला, तेव्हाच बायकोने ओळखलं, कुठेतरी पाणी मुरतंय.

"दाखवा बघू."

"अगं, घट्टा आहे. तुला झाला तो बायकांचा आजार. मला कसा होईल?"

"आजार काय विचारून येतो? गाठ लागल्या लागल्या मी डॉक्टरकडे धावले, म्हणून आज तुमच्याशी भांडायला उभी आहे. चला!"

तिच्या वेळी तो याच दवाखान्यात बाहेरच्या बाकावर पेंगत होता. आज बाकावर ती होती आणि आत तो, उघड्या अंगाने.

डॉक्टरबाईंनी गाठ चाचपली, मग काखेत बोटं घातली आणि तिथेच थांबल्या.

"पुरुषांना स्तनाचा कॅन्सर क्वचित होतो, पण होतो. आणि तुम्ही येता उशिरा. किती दिवस झाले?"

"दोन महिने... नाही, दोन वर्षं."

"तुकडा काढून तपासावा लागेल. घरात आणखी कुणाला होता?"

"नाही," तो म्हणाला, आणि त्याला वडिलांचं शेवटचं आजारपण आठवलं. वडील काम सुटून अंथरुणाला खिळले होते, हाडं ठणकायची. आई तेल चोळता चोळता म्हणाली होती, "हातांचे घट्टे गेले, छातीवरचा काही जात नाही बाई!" सगळे हसले होते. तोसुद्धा.

शर्ट न घालताच तो दाराकडे धावला.

"अगं, धाकट्याला फोन लाव! म्हणावं, असशील तिथून निघ. आधी छातीला हात लावून बघ!"